वही सर्वांची, पण ठेवायची कोणी?

२०१४ मध्ये ‘मर्स्क’ या डॅनिश जहाज कंपनीने एका शीतकंटेनरचा पूर्व आफ्रिका ते युरोप हा प्रवास कागदांच्या अंगाने तपासून पाहिला. या एका कंटेनरला सुमारे ३० व्यक्ती व संस्थांचे हात लागले आणि त्यांच्यात २०० हून अधिक वेळा कागद वा निरोपांची देवाणघेवाण झाली, असे आढळले. निर्यातदार, बंदर, सीमाशुल्क खाते, बँक, प्रत्येकाची वही वेगळी. त्यांचा मेळ बसला नाही, की माल धक्क्यावरच अडकतो. नाशवंत मालाला हा उशीर परवडत नाही.

यावर उपाय म्हणून मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ‘ट्रेडलेन्स’ ही यंत्रणा उभी केली. तिचा पाया होता ‘ब्लॉकचेन’. म्हणजे वही एकच, पण तिच्या प्रती अनेक सहभागींच्या संगणकांवर. ठरलेल्या सहभागींनी मान्य केली, तरच नवी नोंद सर्व प्रतींत चढते. नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्याची गणिताने काढलेली एक खूण असते व ती पुढच्या गठ्ठ्यातही लिहिली जाते. मागचा एखादा आकडा कोणी गुपचूप बदलला, तर खूण जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. पान फाडले तर कळावे म्हणून हिशेबाच्या वहीला पानांचे क्रमांक घालतात, त्यातलाच हा प्रकार. मात्र बिटकॉइनप्रमाणे ही वही सर्वांना खुली नसते. कोणी काय पाहावे, हे आधीच ठरलेले असते.

अर्थात, कंटेनरमध्ये नसलेला माल ‘आहे’ असे कोणी लिहिले, तर हे तंत्र ते असत्यही तितक्याच निष्ठेने जपते!

खरी अडचण वेगळीच निघाली. आपल्या व्यवहारांची माहिती प्रतिस्पर्ध्याने उभारलेल्या यंत्रणेत का टाकावी, हा इतर जहाज कंपन्यांचा प्रश्न रास्तच होता. एमएससी, सीएमए सीजीएम अशा बड्या कंपन्यांनी २०१९ मध्ये सहभाग जाहीर केला खरा. पण संपूर्ण उद्योगाचे सहकार्य मिळाले नाही, असे सांगून नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रेडलेन्स गुंडाळण्याची घोषणा झाली. जो विश्वास यंत्राने निर्माण करायचा, तोच आधी हवा होता.

कागदाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ब्रिटनने २०२३ मध्ये कायदा करून जहाजी मालाच्या मालकीच्या इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला कागदाइतकेच स्थान दिले. त्यासाठी यंत्रणा विश्वासार्ह असावी, एवढीच अट आहे. ती ब्लॉकचेनच असावी, असे हा कायदा म्हणत नाही.