गळती घागरीची की पाण्याची?

‘विद्यार्थ्यांची गळती’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. पण बघा, घागर गळू लागली तर आपण पाण्याला दोष देतो का? घागर तपासतो. पदवी अर्धवट सोडणाऱ्याबद्दल मात्र ‘पोराला झेपलं नाही’ म्हणतो आणि मोकळे होतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली या प्रश्नाची मांडणी केली, ती दुर्खीमच्या आत्महत्येवरील विवेचनाच्या आधारे. थोडक्यात सांगायचं तर विद्यार्थी दोन धाग्यांनी महाविद्यालयाशी बांधला जातो. एक अभ्यासाचा, दुसरा माणसांचा. हे धागे सैल पडले की तो निघून जाण्याची शक्यता वाढते.

आपल्याकडे तिसरा धागा जोडावा लागेल, पैशाचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तो फार आधी ओळखला होता. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, पुढे ‘कमवा आणि शिका’ ही वाट रुळवली. गरीब मुलाला नुसता प्रवेश देऊन भागत नाही, त्याच्या जेवणाखाण्याची सोयही लागते, हे त्यांना ठाऊक होतं.

आता माझी चूक सांगतो. प्रथम वर्षाच्या वर्गात एक मुलगा पहिल्या बाकावर बसायचा. मराठी माध्यमातून आलेला. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले आणि तो दिसेनासा झाला. मी महिनाभर हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहीत राहिलो, मग नावावर रेघ मारली. एटीकेटी म्हणजे वर्ष पुढे चालू राहतं, एवढंसुद्धा त्याला कुणी समजावलं नव्हतं. मी त्याला तर्कशास्त्र शिकवत होतो! गैरहजेरीचं कारण मात्र विचारलं नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सलग तीन तासांना मूल दिसलं नाही, तर त्याच आठवड्यात फोन करा. पहिल्या निकालानंतर नापासांना एकेकटं बोलावून पुढचे नियम त्यांच्या भाषेत सांगा. शिष्यवृत्ती उशिरा येणार असेल, तर खाणावळीचे पैसे तोवर कोण भरणार, हे ठरवा.

कुणी म्हणेल, सगळ्यांनी पदवी घ्यायलाच हवी का? नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात वर्षभरानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय आहेच. पण विचार करून बाहेर पडणं वेगळं आणि कुणी थांबवलं नाही म्हणून निसटणं वेगळं. पहिलं स्वातंत्र्य आहे. दुसऱ्याला आपण स्वातंत्र्य म्हणू लागलो, तर ती आपली पळवाट ठरेल.