मुंबईचा पोटमाळा

भायखळ्याला टॅक्सीवाल्याला ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ असं पूर्ण नाव सांगून बघा. तो मान वळवून विचारतो, ‘म्हणजे राणीची बागच ना?’ पाटी बदलली, तोंडातलं नाव काही सुटलं नाही. आमची आजी तर ‘राणीचा बाग’ म्हणायची. बाग दोन्ही लिंगांत चालतो, हे मला तिच्यामुळे कळलं, शाळेत नव्हे.

चाळीतल्या खोलीला पोटमाळा असतो. वापरात नाही पण टाकवतही नाही, असं सगळं तिथे चढतं: पाळणा, तांब्याचा बंब, आजोबांची ट्रंक. मुंबईचा पोटमाळा म्हणजे ही बाग. तिचं मूळही असंच हललेलं. कृषी-उद्यानविद्येच्या एका संस्थेची बाग आधी शिवडीला होती. ती जागा गोऱ्यांच्या दफनभूमीला गेली. भायखळ्याची बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते उघडली आणि व्हिक्टोरिया राणीचं नाव तिला लागलं. प्राणी पुष्कळ नंतर आले. आधी होती ती झाडं.

या माळ्यावरची सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे घारापुरीचा दगडी हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान ढासळली. पुढे १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, तर उचलताना क्रेन मोडली आणि होता नव्हता तोही फुटला. विलायत राहिली, तुकडे मुंबईत आले. ते सांधून हत्ती उभा राहायला १९१४ साल उजाडलं. जवळ जाऊन बघा, अंगावर सांधे दिसतात. गोधडीला ठिगळ लावावं तसे. मला तो अख्ख्या हत्तीपेक्षा जास्त आवडतो.

काळा घोडाही इथेच आहे. सातवा एडवर्ड तेव्हा युवराज होता. त्याचा घोड्यावरचा काशाचा पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला, १८७९ मध्ये तो फोर्टात बसला. लोकांनी युवराजाला विचारलंच नाही, नाव पडलं ते घोड्याचं. १९६५ साली स्वारासकट घोडा राणीच्या बागेत आला, पण चौक अजून काळा घोडाच. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, तो बिनस्वाराचा. मुंबईकर इतकी वर्षं ज्याच्याकडे बघत नव्हते, तो अखेर वगळला गेला.

खुद्द राणीचा संगमरवरी पुतळाही फोर्टातून हलून बागेला लागून असलेल्या संग्रहालयाच्या आवारात आला. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तो दिला होता. प्लेग अधिकारी रँडच्या वधाच्या आधी दामोदर चाफेकरांनी याच पुतळ्याला डांबर फासलं होतं. आता ती तिथे निवांत बसलेली असते. डांबर फासायला कुणी येत नाही आणि फुलं वाहायलाही नाही.

ते संग्रहालय १८७२ साली खुलं झालं. त्याच्या उभारणीसाठी डॉ. भाऊ दाजी लाड यांनी पैसा जमवायला जीव टाकला, आणि १९७५ मध्ये त्याला त्यांचं नाव मिळालं. गोव्यातल्या मांद्र्याचा हा मुलगा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाला. आत काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, जातीजातीच्या पगड्या घातलेल्या. पगडी बघून माणूस ओळखायची सवय या शहराला होती, हे त्या कपाटापुढे उभं राहिल्यावर पटतं.

गर्दी मात्र पेंग्विनपाशी. २०१६ मध्ये ते दक्षिण कोरियातून आले, त्यानंतर पाच रुपयांचं तिकीट पन्नासावर गेलं. गिरणगावातली माणसं सुट्टीला पोरांना इथे आणायची ती स्वस्त म्हणून, हे विसरून चालत नाही. झाडांचीही गोष्ट आहे. २००७च्या सुमारास परदेशी थाटाच्या प्राणिसंग्रहालयाची योजना आली, तेव्हा तोडीच्या भीतीने काही बायका झाडांसाठी उठल्या, यादी करत हिंडल्या. तीन हजारांवर झाडं, अडीचशेहून जास्त जाती. गोरखचिंचेचं पोट दोघातिघांच्या कवेत मावत नाही. कैलासपतीची फुलं खोडातूनच फुटतात, वास आधी येतो आणि झाड नंतर दिसतं. ब्रह्मदेशातली उर्वशी फुलली की कॅमेरेवाले जमतात.

जायचं तर बुधवार टाळा. बुधवारी बाग बंद असते.