मागचं सील

रात्रभर उभ्या राहिलेल्या जुन्या पेट्रोल जीपखाली सकाळी काळा डाग दिसला, तर जाणता मिस्त्री आधी तो नेमका कुठे पडलाय ते पाहतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्याच्या बरोबर खाली तो असेल, तर संशय क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलवर जातो. जुन्या गाडीचं हे सर्वांत स्वस्त दुखणं आणि सर्वांत कंटाळवाणा इलाज.

महिंद्राने १९४९ मध्ये मुंबईच्या माझगावात विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे आलेल्या सीजे-थ्रीबीचं बॉनेट उंच, कारण तिच्या 'हरिकेन' इंजिनात हवा घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले आणि इंजिनाची उंची वाढली. १३४ घनइंच, म्हणजे साधारण २.२ लिटरचं हे इंजिन तीन मेन बेअरिंगवर फिरतं. डिझेल इंजिनांसाठी कंपनीने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी करार केला, आणि ती इंजिनं नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीत बनू लागली. डिझेल स्वस्त पडत असल्याने कितीतरी मालकांनी जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. म्हणूनच मूळ इंजिन टिकवलेली जीप आज मोलाची वाटते. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनीही त्याला जोर दिला. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा विंटेज क्रमांक मिळतो. अशा गाडीचं गळकं इंजिन बदलून मोकळं होता येत नाही, गळतीच थांबवावी लागते.

पण गळतंय ते नक्की काय? इंजिन ऑइल पातळ आणि काळं असतं. गिअर ऑइल घट्ट असतं, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. तेल बोटावर घेऊन हुंगलं की निम्मा निकाल लागतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं तरी तेल ब्लॉकवरून ओघळत मागेच येतं. कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाची टोपीही पाझरते. आधी इंजिन धुऊन, कोरडं करून, सुरू ठेवून बघण्याचा कंटाळा केला, तर चांगलं सील उगाच उचकटलं जातं.

जुन्या इंजिनांत मागचं सील म्हणजे ग्रॅफाइट लावलेला वेणीसारखा दोर, बहुधा ॲस्बेस्टॉसचा. त्याचा एक अर्धा भाग ब्लॉकच्या खाचेत, दुसरा बेअरिंगच्या कॅपमध्ये बसतो. नंतर त्याच जागी ओठ असलेलं रबरी सील आलं, तेही दोन अर्ध्यांचं. ॲस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसांना घातक, म्हणून जुना दोर ओला करून, मास्क लावून काढायचा. कॉम्प्रेसरच्या हवेने तो भाग उडवायचा नाही. गॅरेजात ही काळजी अजूनही पुरेशी घेतली जात नाही, आणि ती घेतलीच पाहिजे.

सगळं इंजिन उतरवणं उत्तम, पण नेहमी गरज नसते. तेल काढून इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवायचं, मागची कॅप सरळ खाली ओढायची. तिला वाकडी केली की डॉवेल अडतात. बाकीच्या दोन कॅप किंचित सैल केल्या, की वरचा अर्धा भाग पितळेच्या बारीक दांड्याने हळूच ढकलून फिरवत बाहेर काढता येतो. पोलादी स्क्रूड्रायव्हरने शाफ्टवर ओरखडा पडला, तर नवं सीलही त्या ओरखड्यातून गळेल. नव्या सीलला तेल लावायचं आणि ओठाची धार इंजिनाच्या आतल्या बाजूला, तेलाकडे ठेवायची. जोडाच्या टोकांना सीलंटचा ठिपका द्यायचा. कॅपचे बोल्ट ६५ ते ७५ फूट-पाउंडांवर, टॉर्क रेंचनेच आवळायचे.

एवढं करूनही महिनाभरात डाग परत येतो, तेव्हा दोष सीलला दिला जातो. खरं कारण बहुतेकदा दुसरीकडे असतं. पिस्टन रिंग झिजल्या की जळलेला वायू क्रँककेसमध्ये उतरतो. ब्रीदर किंवा हवा ओढून घेणारा व्हॉल्व्ह तुंबलेला असेल, तर तो दाब तेलाला सीलवाटे बाहेर ढकलतो. मेन बेअरिंग झिजलं असेल तर शाफ्टच हलतो, आणि हलत्या शाफ्टवर कुठलाच ओठ टिकत नाही. डाग इंजिनाच्या पुढच्या बाजूला असेल आणि पुढच्या पुलीवर तिथल्या सीलने वर्षानुवर्षे घासून खाच पाडली असेल, तर तिथे पातळ पोलादी बाही चढवायची किंवा लेथवर पृष्ठभाग सुधारून घ्यायचा.

अशा मोजमापाच्या आणि लेथच्या कामात नाशिकचं बळ दिसतं. ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांसाठी उभारलेला कारखाना, सातपूर-अंबडमध्ये महिंद्रा, बॉश आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग. मायक्रोमीटर हातात धरायची सवय असलेली माणसं या शहरात सहज सापडतात. सीलच्या दुकानांत माप मिलिमीटरमध्ये, शाफ्टचा व्यास, घराचा व्यास, जाडी, या क्रमाने सांगतात. जीप मात्र इंचांची. जवळचं माप ठोकून बसवण्यापेक्षा व्हर्नियरने मोजून योग्य सील शोधणं, किंवा लेथवाल्याकडून घर जुळवून घेणं, हाच खरा इलाज.

ॲम्बेसेडरवाल्यांनी मात्र हा खटाटोप मनावर घेऊ नये. तिच्या जुन्या १४८९ सीसी बी-सिरीज इंजिनात मागे ओठाचं सीलच नाही. शाफ्टवर उलटे आटे कोरलेले असतात आणि ते फिरताना तेल आत परतवतात. थोडं थेंबणं त्या रचनेतच आहे. तिथे आधी ब्रीदर साफ करावा.

जीपचं काम झाल्यावर तेल पूर्ण तापेपर्यंत गाडी चालवावी लागते, कारण थंड तेल घट्ट असतं आणि गळती लपवतं. कसाऱ्याच्या चढासारखा रस्ता त्याला उत्तम. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, पण देखभालीसाठी ती रस्त्यावर आणायला नियमांत मुभा आहे. चढावर क्लच घसरला, तर जुन्या गळतीचं तेल प्लेटला लागलेलं आहे असं समजावं, आणि गिअरबॉक्स उतरवून प्लेटही बदलावी.