व्हेंटिलेटर निघणार केव्हा?

आमच्या वस्तीतले कोणी आयसीयूत असले की बाहेरच्या बाकड्यावर आम्ही पाळीपाळीने बसतो. डबा एका घरचा, जागरण दुसऱ्या घरचे. तिसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न सुरू होतो, "डॉक्टर, मशीन कधी काढणार?" अशा वेळी सोनोग्राफीचे यंत्र आत जाताना दिसले की एखादी आजी हमखास म्हणते, "अहो, तो काय गरोदर आहे? त्याला सोनोग्राफी कशाला?"

आजींचे काही चुकत नाही. सोनोग्राफी म्हणजे पोटातल्या बाळाची तपासणी, एवढेच आपल्या घरोघरी ठाऊक आहे. म्हणून ही माहिती.

व्हेंटिलेटर आजार बरा करीत नाही. औषधे लागू पडेपर्यंत तो रोग्याच्या फुफ्फुसात हवा भरतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा स्नायूंचा पडदा असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला श्वासपटल म्हणतात. श्वासाचे बहुतेक काम तोच करतो. सगळा श्वास यंत्र देऊ लागले की हा पडदा बसून राहतो आणि प्लास्टरमधल्या हातासारखा झिजतो. यंत्रावर पूर्ण निष्क्रिय राहिलेल्या श्वासपटलाचे तंतू १८ ते ६९ तासांत बारीक झालेले आढळले, असे २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले.

म्हणजे यंत्र उगाच लांबवण्यात तोटा आहे. पण घाई त्याहून महागात पडू शकते. नळी काढलेल्या शंभर रोग्यांपैकी साधारण दहा ते वीस जणांना ती पुन्हा घालावी लागते आणि त्यांच्या जिवाला धोका वाढतो.

म्हणून डॉक्टर आधी चाचणी घेतात. अर्धा ते दोन तास यंत्राचा आधार अगदी कमी करून रोग्याला स्वतः श्वास घेऊ देतात. या वेळी सोनोग्राफी तीन गोष्टी दाखवते.

पहिली, पडद्याची ताकद. बरगड्यांच्या फटीतून पाहिले की सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा पडदा दिसतो. श्वास घेताना त्याची जाडी ३० टक्के किंवा अधिक वाढली तर जोर आहे असे समजतात. २० टक्क्यांहून कमी वाढली तर तो दुबळा.

दुसरी, फुफ्फुस. त्यात ओल साचली असेल तर पडद्यावर उभ्या पांढऱ्या रेघा दिसतात. छातीत पाणी असेल तर तेही कळते.

तिसरी, हृदय. यंत्राचा दाब हटला की हृदयाकडे जास्त रक्त येते, त्याचे काम वाढते. कमजोर हृदयाला ते पेलले नाही तर पाणी फुफ्फुसात उतरते. अशा रोग्याला आधी लघवी वाढवणारे औषध देऊन मग पुन्हा चाचणी घेता येते.

ही तपासणी खाटेजवळच होते, दुखत नाही आणि एक्स-रेसारखी किरणेही लागत नाहीत. मात्र निकाल एकट्या सोनोग्राफीचा नसतो. रोगी शुद्धीवर आहे का, खोकून बेडका काढतो का, मूळ आजार आटोक्यात आला का, हेही पाहावे लागते.

चाचणी फसली म्हणजे सारे संपले, असे समजून पुष्कळ घरांत रडारड होते. कोणी "घरी नेतो" म्हणून सहीही करून टाकतात. बंधू-भगिनींनो, तेवढे करू नका. फसलेल्या चाचणीने कारण कळते. ते दूर करून बहुधा दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी घेतात.

डॉक्टरांना "कधी काढणार" एवढेच न विचारता असे विचारा: आज चाचणी घेतली का? फसली तर कशामुळे, पडदा, फुफ्फुस की हृदय? त्यावर काय उपाय चालू आहे? समजले नाही तर सोप्या मराठीत सांगा म्हणावे. तो आपला हक्क आहे. उत्तर वहीत लिहून ठेवा, म्हणजे रात्रपाळीला बाकड्यावर येणाऱ्यालाही ते कळेल.