कोळशाची गाळणी आणि अणुभट्टीची सुरक्षितता

देशातील पहिले अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये तारापूर येथे सुरू झाले. तेथील ५४० मेगावॅटच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांभोवती काँक्रीटचे दुहेरी कवच आहे. अपघात घडल्यास किरणोत्सारी द्रव्ये या कवचात अडविली जातात. आतील हवा शुद्ध करण्याचे काम मात्र गाळण्यांना करावे लागते.

अणुविखंडनातून निर्माण होणाऱ्या द्रव्यांपैकी आयोडीन-१३१ विशेष घातक होय. त्याचे अर्धायुष्य सुमारे ८ दिवसांचे असते. दूषित गवत खाणाऱ्या गाईच्या दुधातून ते शरीरात शिरते आणि थायरॉइड ग्रंथीत साठते. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर त्या परिसरातील बालकांमध्ये या ग्रंथीचा कर्करोग वाढल्याचे दिसून आले.

तंतुमय गाळणीत सूक्ष्म कण अडकतात. वायुरूप आयोडीन मात्र तिच्यातून निसटते. त्याला रोखण्यासाठी सक्रिय कोळसा वापरतात. हा कोळसा अनेकदा नारळाच्या करवंटीपासून तयार करतात. त्याच्या असंख्य रंध्रांच्या पृष्ठभागावर आयोडीन धरून ठेवले जाते. मिथाइल आयोडाइड हे संयुग सहजी अडकत नाही; म्हणून कोळशावर पोटॅशियम आयोडाइडसारख्या रसायनाची प्रक्रिया केलेली असते.

तथापि, कोळसा उत्तम असणे पुरेसे नाही. समजा, कोळसा ९९.९ टक्के आयोडीन अडवितो. चौकटीच्या फटीतून केवळ १ टक्का हवा परस्पर निसटली, तरी बाहेर पडणारे आयोडीन ०.१ टक्क्यावरून सुमारे १.१ टक्के, म्हणजे ११ पट होते. याकरिता दोन स्वतंत्र चाचण्या आवश्यक ठरतात. पहिलीत कोळशाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून त्याची शोषणक्षमता ठरवितात. दुसरी, म्हणजे गळती चाचणी, गाळणी बसविलेल्या जागीच घेतात. गाळणीपूर्वीच्या हवेत किरणोत्सारी नसलेला शोधक वायू सोडून गाळणीच्या दोन्ही बाजूंस त्याचे प्रमाण मोजतात. कोळसा हा वायू काही काळ धरून ठेवतो; त्यामुळे तो पलीकडे तत्काळ आढळल्यास फट असल्याचे सिद्ध होते. या कामी पूर्वी फ्रिऑन-११ वापरीत. ओझोन थराच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये झालेल्या माँट्रियल करारामुळे पर्यायी वायू शोधावे लागले.

आर्द्रता, रंगकामाच्या वाफा व काळ यांमुळे कोळसा क्षीण होतो, तर चौकटीची रबरी पट्टीही सैल पडते. म्हणूनच ही तपासणी गाळणी बसविताना एकदा करून भागत नाही. ती ठरावीक मुदतीने पुन्हा करावी लागते. अपघात कधी घडेल हे सांगता येत नसल्याने गाळणी सदैव सज्ज असणे, हेच या चाचणीचे प्रयोजन होय.