मस्करी की छळ?

कुरकुंभच्या एमआयडीसीमुळे आमच्या वर्गात बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाड्यातली पोरं असतात. त्यातल्या एकाला मागच्या बाकावरचे तिघं रोज ‘ए भैय्या’ म्हणून छेडायचे, त्याची वही खिडकीबाहेर भिरकवायचे. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘सर, मस्करी करतोय.’ मस्करीत दोन्हीकडचे हसतात. हा मात्र गप्प, आणि सोमवारी हमखास पोट दुखतंय म्हणून घरी!

नॉर्वेत संशोधन केलेल्या डॅन ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम दुखावणं, पुन्हापुन्हा दुखावणं आणि समोरच्याला उलट उभं राहता न येणं. तुल्यबळांची हाणामारी यात बसत नाही. छळानं झोप उडते, अभ्यासातलं लक्ष जातं, कधी जीवही जातो. मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या डॉ. पायल तडवी यांनी मे २०१९मध्ये आत्महत्या केली. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, प्रकरण कोर्टात गेलं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९चा, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. पण सहावीच्या पोरांना कायदा काय दाखवणार?

सगळ्यांसमोर माफी मागायला लावणं मला पटत नाही. त्याचं उट्टं मधल्या सुट्टीत निघतं. मी आधी त्या पोराशी एकांतात बोलतो, मग तिघांशी वेगवेगळं. आणि शेजारी बसून फिदीफिदी हसणाऱ्यांनाही बोलावतो.