अंगणातील दूर्वा आणि हुमणी

शेतकरी जिला हरळी म्हणून नावे ठेवतो, तीच देवघरात आली म्हणजे दूर्वा होते. परदेशांतील क्रीडांगणांवर जिला बर्म्युडा गवत म्हणतात तीही हीच. अशा या चिवट वनस्पतीच्या मुळावर कोणी उठेल, असे आम्हांस कधी वाटले नव्हते.

गेल्या वर्षी भाद्रपदात सातारच्या आमच्या घरापुढील हिरवळ जागोजाग पिवळी पडली. पावसाने उघडीप दिल्यामुळे असे झाले असावे, असे समजून आम्ही पाणी घालू लागलो. साळुंक्या व कावळे त्याच जागी चोची मारीत. त्यांस हुसकून लावण्याचेही काम आम्ही इमानाने केले. एके दिवशी नातवाने खेळता खेळता मूठभर गवत ओढले, तो सतरंजी गुंडाळावी तसा थरच हाती आला. खाली पिंगट डोक्याच्या, चंद्रकोरीसारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या होत्या. हीच हुमणी. पाखरे तिलाच टिपीत होती आणि आम्ही त्यांस हाकलीत होतो!

त्याच सायंकाळी आम्ही बाजारातून दाणेदार विष आणले. पुडी फोडणार इतक्यात सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, परवा याच दूर्वा गणपतीला वाहावयाच्या आहेत, आणि बाळ रांगतो तोही याच गवतावर." चाळीस वर्षे मुलांस विचार करावयास शिकविले, पण हा साधा विचार आम्हांस सुचला नव्हता. पुडी न फोडता परत केली. हुमणीसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षे शेतात पेरले जाणारे फोरेट हे अतिविषारी औषध सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद केले आहे. घराच्या अंगणात तर अधिकच सावधगिरी हवी.

आमचे धाकटे बंधू सांगलीकडे ऊस करितात. हुमणी हा उसाचा जुना वैरी असल्याने तिची कुंडली त्यांस पाठ आहे. ते सणासाठी आले तेव्हा त्यांनी सांगितले ते असे. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीत दडलेले तपकिरी भुंगेरे तिन्हीसांजेस बाहेर पडतात. कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर ते जमतात, पाला खातात, तेथेच त्यांचे मीलन होते, आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. एक मादी सुमारे ५० ते ६० अंडी घालते. अळ्या पावसाळाभर मुळे खातात, पुढे मातीतच कोषात जातात आणि त्यांतून निघालेले भुंगेरे पुढील वळवाची वाट पाहतात. वर्षाकाठी एकच पिढी. (नदीकाठची हुमणी निराळ्या जातीची, तिचे भुंगेरे असे पाल्यावर जमत नाहीत.)

आमच्या कुंपणालगत जुना कडुनिंब आहे. ज्येष्ठात त्याच्या पानांची चाळण झालेली पाहून शेजाऱ्यांनी तो तोडावा असे सुचविले होते व आम्हीही मान डोलाविली होती. बंधू म्हणाले, "दादा, झाड तोडाल तर भुंगेरे दुसऱ्या झाडावर जातील. येथे निदान हाताशी सापडतात." कडुनिंब वाचला.

मग उपाय क्रमाने केले. पिवळे पडलेले तुकडे उकरून अळ्या वेचल्या व पाखरांस मोकळीक दिली. कच्चे शेणखत घालणे सोडले, कारण त्यातून अळ्या व अंडी येतात. चांगल्या कुजलेल्या खतात मेटॅऱ्हायझियम नामक बुरशी मिसळून ती ओल असताना मातीत घातली. ही बुरशी किड्यांस रोग जडविते. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी सन १८७९ मध्ये धान्यावरील भुंगेऱ्यांवर तिचा अभ्यास केला होता.

खरे काम मात्र यंदा वळवानंतर झाले. दिवेलागणीनंतर कडुनिंबाखाली जुने धोतर अंथरून आकडीने फांद्या हालवावयाच्या आणि पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवावयाचे. शेजारची मुलेही आली. तीन सायंकाळी मिळून चारशेहून अधिक भुंगेरे निघाले. मुलांस आम्ही गणित घातले: निम्म्या माद्या धरल्या व प्रत्येकीची ५० अंडी धरली, तर किती अळ्या टळल्या? दहा हजार हे उत्तर येताच जो गलका झाला, तो वर्गात कधी ऐकला नव्हता.

सांगली जिल्ह्याने हा धडा मोठ्या प्रमाणावर घेतलेला आहे. सन २००२ मध्ये तेथे उसावर लोकरी मावा पडला. तो आवरण्यात डिफा व मायक्रोमस या मित्रकीटकांचा मोठा वाटा होता. जास्वंदीवरील पिठ्या ढेकणासही हाच न्याय लागू पडतो. गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करितात. त्यांची वाट आधी तोडावी, माखलेली फांदी छाटावी, आणि मावा-ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्यांस जपावे.

नीतिशास्त्रात दंड हा उपाय शेवटी सांगितला आहे. आम्ही तो प्रथम उचलला होता. यंदा हिरवळ पूर्ण निष्कंटक झाली असे नाही. उकरले तर एखादी अळी अजून सापडते. परंतु चतुर्थीस एकवीस दूर्वांची जुडी अंगणातूनच निघाली, आणि ती खुडताना बाळ शेजारीच रांगत होता. वाचकांच्या दारी कडुनिंब वा बाभूळ असल्यास त्यांनी रोहिणीच्या पहिल्या पावसानंतर दिवा घेऊन एकदा वर पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.